मोटरहोममधला पिक्चर ट्यूबचा टीव्ही काढून चपटा टीव्ही बसवायचा आहे : २८ इंची घ्यावा की ३२ इंची?

फिरते_बिऱ्हाड (सॅक्रामेंटो)

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात आम्ही २००२ सालचे एक वापरलेले मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेतले. ते ३४ फुटी, क्लास ए प्रकारचे (म्हणजे बससारखे मोठे), फोर्डच्या चॅसीवर बांधलेले आणि पेट्रोलवर चालणारे आहे. इंजिन उत्तम आहे, छत गळत नाही, गालिचे आम्ही बदलून घेतले. आता राहता राहिले ते दोन टीव्ही. पुढचा २७ इंची टीव्ही चालकाच्या आणि शेजारच्या आसनाच्या मधोमध, समोरच्या काचेच्या वर जे कपाट असते त्यात बसवलेला आहे. दुसरा २० इंची टीव्ही मागच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, कोपऱ्यातल्या कपाटात आहे. दोन्ही पिक्चर ट्यूबचे, पाठीमागे भलेमोठे पोट असलेले. दोन्ही अजून सुरू होतात, पण त्यांच्यावर दिसण्यासारखे काही उरलेले नाही, कारण अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले आणि या टीव्हींना डिजिटल प्रक्षेपण उमगत नाही. आधीच्या मालकांनी पुढच्या टीव्हीला डिजिटल प्रक्षेपण घेणारी एक डबी जोडलेली होती; ती आमच्याकडे आली तेव्हा तिचा रिमोट मात्र सोबत नव्हता.

नोव्हेंबरात आई-बाबा नाशिकहून येत आहेत आणि डिसेंबरात त्यांना घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात दहा दिवस राहण्याचा बेत आहे, तेही वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या मोकळ्या जागेत. दिवसभर डोंगर आणि निवडुंग पाहून झाले की संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडतो, आणि मग त्या दोघांना मालिका लागतातच. त्यासाठी निदान पुढचा टीव्ही त्याआधी बदलायचा आहे.

पुढच्या कपाटाचे तोंड, सजावटीच्या लाकडी पट्ट्या काढल्यानंतर, साडेसत्तावीस इंच रुंद, २१ इंच उंच आणि २२ इंच खोल भरते. ३२ इंची टीव्हीचा नुसता पडदाच जवळपास २८ इंच रुंद असतो आणि कडा धरून तो साडेअठ्ठावीसच्या घरात जातो, म्हणजे इंचभरासाठी घोडे अडले आहे. तो कपाटाच्या तोंडावर बाहेरून झाकणासारखा बसवता येईल. २८ इंची टीव्ही आत सहज मावेल, पण मग वर-खाली मिळून पाच-सहा इंच रिकामे राहतील आणि आधीच्यापेक्षा चित्र लहान झाले असे घरचे म्हणतील, ही धास्ती आहे.

आणखी एक कोडे आहे. टीव्हीची पिन ज्या सॉकेटमध्ये आहे ते सॉकेट इंजिनाची किल्ली फिरवली की मरते आणि किल्ली बंद केली की पुन्हा जिवंत होते. कुठे तरी तार चुकीची जोडली गेली असावी असा माझा तर्क आहे. टीव्ही बदलण्याआधीच इलेक्ट्रिशियनला बोलवावे का? आणि हा जवळजवळ ४० किलोचा धोंडा खांद्याएवढ्या उंचीवरून दोन माणसांनी खाली कसा उतरवावा, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

---

बारा_व्होल्ट (फिनिक्स)

आधी त्या सॉकेटविषयी लिहितो, कारण त्यापायी आपण विनाकारण पैसे घालवाल. तो दोष नाही. चालत्या वाहनात चालकाला दिसेल असा टीव्ही सुरू राहू नये, म्हणून मोटरहोम बांधणारे लोक पुढच्या टीव्हीच्या विजेच्या मार्गात एक रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडझाप होणारा स्विच, घालतात. किल्ली फिरली की रिले ओढला जातो आणि सॉकेटचा पुरवठा तुटतो. आपल्या कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतले २७६०२ वे कलम नेमके याच गोष्टीला मनाई करते. नवा टीव्ही त्याच सॉकेटवर ठेवा, म्हणजे काहीच करावे लागणार नाही. १२ व्होल्टची स्वतंत्र तार ओढणार असाल तर तीही तशाच रिलेतून न्या. रिले वगळून तार सरळ जोडणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत आणि "प्रवासात मुलांना बघायला" हे त्यांचे ठरलेले उत्तर असते. मुलांच्या हातात टॅब्लेट द्यावा, वडिलांच्या डोक्यावर सिनेमा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता विजेचा हिशेब. वाळवंटात जोडणी नसताना सगळी भिस्त गाडीतल्या घरगुती वापराच्या बॅटऱ्यांवर (इंजिनाच्या नव्हे) असते. आपल्या गाडीत बहुधा गोल्फ कार्टच्या, ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतील. त्यांची एकत्रित क्षमता २२० अँपिअर-तासांच्या (एक अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर तासभर ओढल्यावर जाणारी वीज) आसपास असते आणि त्या टिकवायच्या असतील तर त्यातली निम्मीच, म्हणजे ११० अँपिअर-तास, वापरायची असते. जुना २७ इंची टीव्ही ११० वॉट खातो असे धरले तर इन्व्हर्टरमधली घट मिळवून बॅटरीतून सुमारे १० अँपिअर ओढले जातात, आणि तीन तासांच्या मालिकांना ३० अँपिअर-तास जातात. ३२ इंची एलईडी टीव्ही ३५ वॉटच्या जवळपास घेतो. तो थेट १२ व्होल्टवर चालवला तर तीन तासांना ९ अँपिअर-तासही पुरतात.

मात्र इथे एक गोम आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साधा टीव्ही चालवायला इन्व्हर्टर लागतो. मोठा, २,००० वॉटचा इन्व्हर्टर नुसता सुरू राहिला तरी स्वतःसाठी दीड-दोन अँपिअर घेतो. तो दिवसरात्र तसाच राहिला तर टीव्ही न लावताही ३६ ते ४८ अँपिअर-तास उडून जातात, आणि सकाळी माणूस नव्या टीव्हीला दोष देतो. तेव्हा टीव्हीपुरता १५० वॉटचा लहान, शुद्ध साइन तरंगाचा (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) इन्व्हर्टर लावा आणि झोपताना तो आठवणीने बंद करा. ओबडधोबड तरंगाच्या स्वस्त इन्व्हर्टरवर काही टीव्ही गुणगुणतात आणि काहींचे पॉवर सप्लाय तापतात.

दुसरा मार्ग असा की ज्या टीव्हीचा पॉवर सप्लाय बाहेर, लॅपटॉपसारख्या ठोकळ्यात असतो आणि त्या ठोकळ्यावर "आउटपुट १२ व्होल्ट" असे छापलेले असते, तो टीव्ही थेट बॅटरीवर चालवावा. दुकानात खोक्यावरची माहिती वाचून भागत नाही, ठोकळाच पाहावा लागतो; कित्येकांवर १४ किंवा १९ व्होल्ट असतात. तोही सरळ बॅटरीला जोडू नका. आपण ज्यांना १२ व्होल्टच्या बॅटऱ्या म्हणतो त्या चार्जिंग चालू असताना १४.४ व्होल्टपर्यंत चढतात आणि पाण्याचा पंप सुरू झाला की क्षणभर खाली बसतात. मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा लहानसा डीसी स्टॅबिलायझर आणि ५ अँपिअरचा फ्यूज घाला, तार १४ गेजची घ्या. मोटरहोमसाठीच बनवलेल्या टीव्हींमध्ये ही सोय आतच असते, पण त्यासाठी ते दुप्पट-तिप्पट किंमत लावतात.

छतावर हाताने फिरवून उभा करायचा, वटवाघळाच्या पंखांसारखा अँटेना असेल तर तो काढू नका. अँटेनाला डिजिटल-ॲनालॉगचा भेद कळत नाही. प्रक्षेपण आजही व्हीएचएफ आणि यूएचएफ पट्ट्यांवरच चालते. कपाटाजवळ भिंतीवर एक बटण आणि त्याच्याशेजारी बारीक दिवा असेल. ते बटण दाबले की केबलमधूनच १२ व्होल्ट वर जाऊन अँटेनातला बूस्टर सुरू होतो. त्या बटणापासून अँटेनापर्यंतच्या केबलमध्ये दुसरे काहीही जोडू नका. प्रत्येक नव्या मुक्कामी अँटेना उभा करून केंद्राच्या दिशेला वळवावा आणि टीव्हीला वाहिन्या नव्याने शोधायला लावाव्यात. आणि निघताना तो खाली घ्यावा! मी स्वतः एकदा तो उभाच ठेवून निघालो आणि पेट्रोल पंपाच्या छपराखाली शिरलो. तेव्हापासून अँटेना वर केला की आठवणीसाठी मी आधी स्टिअरिंगला लाल चिंधी बांधतो.

---

रंधा_करवत (डॅलस)

बारा_व्होल्ट यांनी विजेचे सगळे सांगितलेच आहे, मी लाकडाचे आणि वजनाचे लिहितो. अशी तीन मोटरहोम मी स्वतः केली आहेत, एक आमचे आणि दोन मित्रांची.

उतरवण्याचा भाग नव्या टीव्हीच्या बसवणीपेक्षा कठीण आहे, हे आधी मान्य करून टाकावे. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे बहुतेक वजन पुढच्या काचेत असते आणि मागचा प्लास्टिकचा फुगवटा जवळजवळ पोकळ असतो. त्यामुळे तो फळीवरून अर्धा बाहेर आला की एकदम पुढे झुकतो. खाली दोन आसनांच्या मध्ये इंजिनाचे झाकण असते, तिथे धड उभे राहता येत नाही, आणि समोर मोठी काच असते जिची किंमत आपल्या टीव्हीच्या दहापट असेल. म्हणून तो उचलायचा नाही, सरकवायचा. इंजिनाच्या झाकणावर दुधाचे प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचा, वर प्लायवूडचा तुकडा टाका आणि कपाटातल्या फळीच्या पातळीला ओटा तयार करा. त्यावर जुनी गोधडी पसरा, टीव्ही तिच्यावर ओढून घ्या, आणि मग एकेक क्रेट काढत पायरी-पायरीने खाली आणा. शेवटी उचलताना काच आपल्या छातीकडे हवी. दार अरुंद असते, तेव्हा टीव्हीची रुंदी नव्हे, तर पुढून मागपर्यंतची लांबी दारात आडवी येईल असा तो बाहेर काढावा. आधी टेप धरून खात्री करून घ्या.

सोडवताना प्रथम वरचा लोखंडी पट्टा शोधा. टीव्ही पुढे उडू नये म्हणून कारखान्यात तो पट्टा लावतात, शिवाय काही गाड्यांत फळीच्या खालून टीव्हीच्या बुडात बोल्ट असतात आणि ते खालच्या दिव्याची पट्टी काढल्याशिवाय दिसतच नाहीत. टीव्हीची पाठ मात्र कोणत्याही कारणाने उघडू नका. पिन काढून ठेवली तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार शिल्लक असू शकतो, आणि निर्वात ट्यूबला जोराचा धक्का बसला तर ती आत फुटू शकते. काचेत शिसे असल्यामुळे कॅलिफोर्नियात तो कचऱ्यात टाकायला बंदी आहे. ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर नेऊन द्यावा.

आता कपाट. भिंत म्हणून जे दिसते ते बहुधा ३ मिलिमीटरचे प्लाय असते आणि मागे फोम किंवा पोकळी असते. त्यात मारलेला स्क्रू घरातल्या भिंतीत टिकेल, गाडीत टिकणार नाही, कारण ही भिंत रोज चार-पाच तास हादरे खात असते. पहिल्या गाडीत मी हौसेने ४० इंची टीव्ही लांब बाहेर येणाऱ्या हातावर बसवला होता. न्यू मेक्सिकोतल्या एका खडबडीत रस्त्यावर मागून "टक" असा आवाज आला. गाडी थांबवून पाहिले तर चारही स्क्रू प्लायचा भुगा घेऊन बाहेर आले होते आणि टीव्ही एका एचडीएमआय केबलला लोंबकळत होता. त्या केबलचे मला आजही कौतुक वाटते.

तेव्हा कपाटाच्या तोंडाच्या आतल्या बाजूंना, जिथे खरी लाकडी चौकट आहे तिथे, दीड इंची पट्ट्या गोंद आणि स्क्रूंनी पक्क्या करा, त्यांच्यावर पाऊण इंची प्लायचा पूर्ण फळा बसवा आणि टीव्हीची पट्टी त्या फळ्याला आरपार बोल्ट, रुंद वायसर आणि नायलॉनचे कुलूप असलेले नट वापरून आवळा. लहान टीव्हीच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात चार भोके असतात, त्यांना साधारणपणे ४ मिलिमीटरचे स्क्रू लागतात. टीव्हीसोबत आलेले लांबीला पुरत नसतील तर मोजून आणा, कारण जास्त लांब स्क्रू आतल्या पडद्याला जाऊन भिडतो. पुढच्या जागी हलता हात नको, सपाट पट्टीच हवी.

आणि आपल्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर २८ इंची असे आहे, त्याचे कारण आकारापेक्षा कोनाशी निगडित आहे. जुन्या टीव्हीकडे पुन्हा एकदा नीट पाहा : तो किंचित खाली वाकलेला असेल. पिक्चर ट्यूबचे चित्र कोणत्याही बाजूने सारखेच दिसते, तरीही त्यांनी तो वाकवला. एलसीडीचे तसे नसते. लहान आणि स्वस्त टीव्हीतले पुष्कळसे पडदे खालून पाहिले की काळवंडतात, आणि काहींत तर चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे दिसू लागतात. पडद्याचा मध्य जमिनीपासून ६८ इंचांवर आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे ४२ इंचांवर धरले, तर आठ फुटांवरून तो माणूस सुमारे १५ अंश खालून पाहत असतो, आणि पाच फुटांवरच्या खुर्चीतून तर २३ अंश. म्हणून फळा १० अंश तरी कलता हवा. २१ इंच उंचीच्या फळ्याला १० अंश कल द्यायचा म्हणजे खालची कड वरच्यापेक्षा पावणेचार इंच आत जाते. आपल्याकडे २२ इंच खोली आहे, त्यामुळे २८ इंची टीव्ही आत घेऊन हा कल आरामात देता येतो. ३२ इंची बाहेरून बसवला तर खालची कड आत जाऊ शकत नाही, वरचीच बाहेर काढावी लागते, आणि मग उन्हाची झडप उघडताना तिला टीव्ही आडवा येतो. खरेदी करताना दुकानात खाली उकिडवे बसून पडदा पाहा. लोक बघतील, बघू द्या.

चित्र लहान होईल ही भीती अर्धीच खरी आहे. २७ इंची जुना पडदा २१.६ इंच रुंद आणि १६.२ इंच उंच होता. २८ इंची चपटा २४.४ इंच रुंद आणि १३.७ इंच उंच असतो. उंची अडीच इंचांनी घटते, रुंदी जवळजवळ तीन इंचांनी वाढते. आजच्या मालिका रुंद पडद्यासाठीच चित्रित होतात, त्यामुळे त्या आधीच्यापेक्षा मोठ्याच दिसतील. फक्त जुन्या चौकोनी चित्रांच्या डीव्हीडी लहान दिसतील.

---

पाचवा_गिअर (सॅन दिएगो)

मी थोडे वेगळे मत मांडते. तिथे टीव्ही होता म्हणून तिथेच टीव्ही हवा असे का धरून चालायचे? काचेच्या वरचे कपाट ही टीव्हीसाठी कधीच चांगली जागा नव्हती. ४० किलोचे धूड ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून ते तिथे गेले. चार-पाच किलोच्या टीव्हीला हे बंधन उरत नाही. आम्ही जेवणाच्या टेबलासमोरच्या बाजूच्या भिंतीवर, सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असा ३२ इंची टीव्ही कुलूप लागणाऱ्या हातावर बसवला. भिंतीतली ॲल्युमिनियमची चौकट चुंबकाला दाद देत नाही, पण प्लायमधले स्क्रू लोखंडी असतात. चुंबक फिरवून त्यांची रांग सापडली की चौकट सापडते. माझ्या सासूबाई मानेचा पट्टा लावून प्रवास करतात, त्यांना वर बघून दोन तास काढणे शक्यच नव्हते. तुमच्या आई-बाबांचा विचार करून सांगते आहे.

पुढच्या रिकाम्या कपाटाला आम्ही दार लावले आणि त्यात फक्त पांघरुणे आणि उशा ठेवतो. डोक्यावरच्या कपाटात डबे-भांडी भरू नयेत. करकचून ब्रेक लागला की काय होते ते पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट. बाजूच्या भिंतीवरचा टीव्ही चालकाला दिसतो का, ते आसनावर बसून आणि आरशांत पाहून तपासा. आमचा दिसत नाही. दिसत असेल तर बारा_व्होल्ट यांचा रिले तिथेही लागेल.

---

रंधा_करवत (डॅलस)

पाचवा_गिअर यांचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त त्यासाठी अशी मोकळी भिंत असावी लागते. पुष्कळ गाड्यांत सोफ्यासमोरची भिंत मुक्कामी बाहेर सरकणाऱ्या भागात येते आणि तो आत घेतल्यावर टीव्ही आणि समोरची खुर्ची यांच्यात बोटभरही अंतर उरत नाही. आधी सरकता भाग आत घेऊन मोजावे.

---

फिरते_बिऱ्हाड (सॅक्रामेंटो)

सर्वांचे मनापासून आभार. काम परवा पुरे झाले, म्हणून सविस्तर कळवतो.

पाचवा_गिअर ताई, तुमचा सल्ला आधी तपासून पाहिला. सरकता भाग आत घेतला तेव्हा भिंत आणि खुर्चीची पाठ यांत अवघे दीड इंच राहिले, त्यामुळे तो मार्ग बंद झाला आणि पुढच्या कपाटाकडे वळणे भाग पडले. सॉकेटचा रिले टीव्ही काढल्यावर समोरच दिसला. त्याला हात लावलेला नाही. बारा_व्होल्टकाका, इलेक्ट्रिशियनचे पैसे वाचले.

टीव्ही उतरवायला मी आणि शेजारी, आम्हा दोघांना दीड तास लागला, त्यातला एक तास शेवटचा बोल्ट शोधण्यात गेला. तो खरोखरच दिव्याच्या पट्टीमागे होता. क्रेट दुधाचे मिळाले नाहीत म्हणून पाणी भरायच्या प्लास्टिकच्या टाक्या उलट्या घातल्या; त्या थोड्या डगमगल्या, पण निभावले. फळी रिकामी झाल्यावर मागच्या फटीत आणखी दोन वस्तू निघाल्या : एक तारांचा जुडगा, ज्याचे दुसरे टोक कुठे जाते ते अजून सापडलेले नाही, आणि त्या डिजिटल डबीचा रिमोट. त्यातल्या सेल फुटून पांढरी भुकटी झाली होती.

दुकानात मी खरोखर उकिडवा बसून पडदे पाहिले. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन २८ इंची टीव्हींपैकी स्वस्तातल्या टीव्हीत बातम्या सांगणाऱ्या बाईंचे केस पांढरे आणि चेहरा जांभळा दिसत होता. उभा राहिलो की दोन्ही टीव्ही अगदी सारखे. दुसरा घेतला. त्याच्या ठोकळ्यावर १२ व्होल्ट, ३ अँपिअर असे छापलेले आहे, त्यामुळे स्टॅबिलायझर आणि फ्यूज घालून तो थेट बॅटरीवर घेतला, आणि ती तार नेहमीच्या सॉकेटसारखीच बंद पडावी म्हणून आणखी एक लहान रिले किल्लीच्या तारेवर बसवला.

फळ्याला १० अंश कल देण्यासाठी बाजूच्या पट्ट्या तिरप्या कापल्या. पहिल्या प्रयत्नात दोन्ही पट्ट्या एकाच बाजूच्या कापल्या गेल्या, म्हणून एक पुन्हा कापावी लागली. फळ्यावर काळे कापड ताणून लावल्यामुळे टीव्हीच्या वर-खाली राहिलेली जागा आता डोळ्यांना खुपत नाही. खालच्या पट्टीत, कापडामागे, लहानसा साउंडबार बसला. त्याची गरज होतीच, कारण नव्या टीव्हीचे स्पीकर पाठीमागे आहेत आणि सगळा आवाज कपाटातच घुमत होता. कपाटाच्या दोन बाजूंना २००२ सालचे मूळ स्पीकर आहेत, पण त्यांची तार त्या सापडलेल्या जुडग्यातलीच असावी, असा माझा संशय आहे.

काल रात्री घराच्या दारातच गाडी उभी करून तीन तास टीव्ही चालवला. बॅटरीच्या मीटरवर साडेआठ अँपिअर-तास खर्ची पडलेले दिसले. अँटेनावर ३१ वाहिन्या सापडल्या, त्यांतल्या ९ स्पॅनिश आहेत. वाळवंटात फोनचे जाळे नसेल अशा रात्रींसाठी आईच्या मालिकांचे भाग पेन ड्राइव्हवर घेतले आहेत आणि टीव्ही ते वाचतो, हे तपासले आहे. लाल चिंधीही आणून स्टिअरिंगला बांधून ठेवली आहे.

मागच्या २० इंची टीव्हीचे कपाट आतून १९ इंच रुंद आहे आणि २४ इंची टीव्ही कडांसकट २२ इंचांच्या जवळपास जातो. तिथे पलंगावर आडवे पडून जवळजवळ समोरूनच पाहायचे असते, त्यामुळे कलाचा प्रश्न नाही. कोपऱ्यावर तिरका, कुलूप लागणाऱ्या हातावर बसवण्याचा विचार आहे. पण कोपऱ्यातल्या त्या कपाटाची चौकट लाकडी आहे की नुसतेच प्लाय, हे टीव्ही बाहेर काढल्याशिवाय कळणार नाही, आणि शेजाऱ्याने जानेवारीपर्यंत मला फोन करू नकोस असे सांगितले आहे.